पंप नवा बसवला, तरी गाडी बंद पडत होती

२ जुलै २०२३, रविवार. पुण्याहून साताऱ्याला परत येत होतो. मी गाडी चालवत होते, मागे आई-बाबा. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीने झटके खायला सुरुवात केली. पाय दाबला तरी उचल नाही. दुसऱ्या गिअरवर आणलं, पहिल्यावर आणलं, आणि इंजिन शांत झालं. वर पाऊस, मागे ट्रकांची रांग. हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा खाली उतरून चाकामागे दगड लावत होते, ते आरशात दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. वीसेक मिनिटांनी ती आपोआप चालू झाली, दोनशे मीटर गेली आणि परत बंद. मग १०३३ ला फोन लावला. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे, मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. क्रेन आली, तिने आम्हाला घाट ओलांडून वेळ्याजवळ सुरक्षित जागी आणून सोडलं. तिथून साताऱ्यापर्यंत खासगी टोइंगचे ३,००० रुपये गेले.

गाडी २००३ ची आहे. छोटी, पेट्रोलची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी). कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक एमपीएफआय गाड्यांत टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाच्या वायरिंगची मांडणी साधारण सारखीच असते आणि जे झालं ते त्यातल्या कुठल्याही गाडीत होऊ शकतं. बाबांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली. घरात दुसरी गाडी नाही, आणि आईच्या तपासण्यांसाठी महिन्यातून एकदा पुण्याला जावंच लागतं.

त्यात एक घड्याळ टिकटिक करत होतं. गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, २० ऑगस्टला संपत होतं. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं, ते आम्ही २०१८ मध्ये केलं होतं. तेव्हा शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते ५,००० झालं होतं, हरित कर वेगळा, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड. अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो. पण गाडी स्वतःच्या चाकांवर आरटीओत न्यावी लागते, निरीक्षकासमोर उभी करावी लागते. रस्त्यात बंद पडणारी गाडी कुठे नेणार?

३ जुलैला गाडी गॅरेजमध्ये दिली. दुसऱ्या दिवशी निदान आलं: पंप गेला. वीस वर्षांचा पंप, पटण्यासारखंच होतं. पार्ट यायला दोन दिवस लागले. पंप ४,६०० आणि मजुरी १,१००. ६ जुलैला गाडी मिळाली आणि खरंच छान पळाली. मी निश्चिंत झाले, आरटीओच्या कागदांना लागले.

अकरा दिवसांनी, १७ जुलैला, साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर तेच झटके आणि तीच शांतता.

हे अकरा दिवस लक्षात ठेवा. त्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला. पंप बदलताना टाकीवरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा, काढला जातो आणि परत बसवला जातो. त्या काढघालीत पिना एकमेकींवर घासतात, वरचा गंज खरवडला जातो, वायरी हलतात, आणि वाईट कॉन्टॅक्ट काही दिवस बरा होतो. आपल्याला वाटतं नव्या पंपाने काम केलं. पार्ट बदलल्यावर गाडी सुधारली आणि दोनेक आठवड्यांत तोच त्रास परत आला, तर तो नवा पार्ट वाईट निघाला असं लगेच समजू नका.

दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पाहिला. काही निघालं नाही. २००३ च्या गाडीतून तसंही फारसं काही निघत नाही, आपल्याकडे ओबीडीची (गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याच्या सोयीची) सक्ती २०१० मध्ये बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर आली. तपासणीचे ५०० घेतले आणि सांगितलं, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलून बघू, जुन्या बाजारातून ९,००० ला मिळेल. ‘बदलून बघू’ हे दोन शब्द ऐकले आणि मी गाडी परत आणली. रागाने नव्हे. पंपही बदलूनच पाहिला होता, मोजलं मात्र कुणीच नव्हतं.

२२ जुलैला ४५० रुपयांचा मल्टिमीटर घेतला. मी शाळेत विज्ञान शिकवते, ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण गाडीच्या वायरींना कधी हात लावला नव्हता. रात्री बसून मांडणी समजून घेतली. ती सोप्या शब्दांत अशी: बॅटरीचा करंट मुख्य फ्यूजमधून पंपाच्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत, येतो. किल्ली फिरवली की ईसीएम त्या रिलेची कॉइल ओढतो, ‘टिक’ असा आवाज येतो आणि करंट पुढे सुटतो. तिथून एक वायर डॅशबोर्डखालून, दाराच्या पट्टीखालून मागच्या सीटखाली टाकीपर्यंत जाते. पंपातून करंट बाहेर पडला की तो अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यात उतरतो आणि पत्र्यामार्फत बॅटरीकडे परत जातो. जाण्याची वाट आणि परतीची वाट. परतीची वाट कुणी बघत नाही.

किल्ली नुसती ऑन केली, सेल्फ मारला नाही, तर पंप दोन-तीन सेकंदच चालतो. टाकीचं झाकण उघडून कान दिला तर ‘सूं’ ऐकू येतं. आमच्याकडे यायचं, पण जरा मरगळलेलं. तो आवाज नवी गाडी असताना कसा होता हे आठवत असतं तर त्यावरूनच कळलं असतं. तुमची गाडी आज ठणठणीत असेल तर एकदा ऐकून ठेवा.

रविवारी, २३ तारखेला, सगळ्यात आधी फ्यूज पाहिला. शाबूत होता. मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता म्हणून दोघांची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंपही चालला, म्हणजे दोन्ही रिले चांगले. २२० रुपयांचा नवा रिले मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता, तो नसता घेतला तरी चाललं असतं. मग मागची सीट उचलली, पत्र्याची झाकणी काढली, बॅटरीची काळी वायर सोडवून पंपाचा कपलर सुटा केला आणि बॅटरी परत जोडली. चारही दारं उघडी, जवळ अग्निशामक, मोबाइल लांब. पेट्रोलच्या वाफेजवळ कपलर ओढताना ठिणगी पडता कामा नये, म्हणून बॅटरी सोडवल्याशिवाय तिथे हात घालू नका. घाई असली तरी.

मुलाने किल्ली फिरवली. कपलरच्या पिनांवर मीटरने १२.३ व्होल्ट दाखवले. बॅटरीवरही जवळपास तेवढेच. मी वहीत लिहिलं, ‘वायरिंग ठीक’, आणि खाली रेघ मारली.

ते चूक होतं, आणि त्या एका ओळीपायी आठवडा गेला. त्या आठवड्यात मी ईसीएमसाठी चौकशीचे फोनही केले.

२९ जुलैला शाळेतल्या एका शिक्षकांनी एसटी स्टँडच्या मागच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायला सांगितलं. वय सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि विचारलं, “ताई, हे मोजलं तेव्हा पंप जोडलेला होता का?”

“नाही, कपलर काढून मोजलं.”

“मग काय मोजलं?”

त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. त्याला दोन वायरी डागलेल्या होत्या, टोकांना क्लिपा. पंपाच्या कपलरमध्ये जिथे मी मीटर लावला होता तिथे तो बल्ब लावला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. बल्ब पेटला. पण तो पांढरा नव्हता. तांबूस होता, वीज जाता-येता घरातला जुना बल्ब दिसायचा तसा. मग तोच बल्ब त्यांनी थेट बॅटरीवर लावला, तर डोळे दिपले. दोन्ही वेळा मी जवळून बघत होते. महिनाभर जे कुणी सांगू शकलं नव्हतं ते त्या दोन उजेडांतल्या फरकात उघड दिसत होतं.

कारण मला माहीत असायला हवं होतं, मुलांना शिकवतेच की. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना पाइपात दाब पुरता असतो, पाइप कुठे चेपला आहे ते नळ सोडल्यावरच कळतं. पंप चार-पाच अँपिअर ओढतो. वाटेत अर्धा ओहम जरी अडथळा असला तरी दोन-अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि ती जागा तापते. तापली की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापते. म्हणून गाडी थंड असताना चालू व्हायची आणि तासाभराने घाटात मरायची. फ्यूज का उडाला नाही तेही यातच आलं. फ्यूज उडतो जास्त करंटला, आणि आमच्याकडे तो कमी पडत होता.

त्या दिवशी चाचांकडे गर्दी होती. “शनिवारी सकाळी लवकर या, घाईत करायचं काम नाही,” म्हणाले. मधल्या आठवड्यात त्यांनी मला एक काम दिलं: इंजिन चालू ठेवून, पंप जोडलेला असताना, व्होल्टेज कुठे कुठे पडतं ते मोजून आणायचं. वायरीचं प्लास्टिक भोसकायचं नाही, कपलरच्या मागच्या बाजूने रबराच्या कडेने बारीक टाचणी सरकवायची. शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या घेतल्या. २ ऑगस्टला संध्याकाळी बाबांनी टॉर्च धरला आणि मी आकडे लिहिले.

बॅटरीवर १३.९. पंपाच्या दोन पिनांमध्ये १०.६. म्हणजे ३.३ व्होल्ट वाटेत गायब. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर आणि दुसरं पंपाच्या अर्थच्या पिनेवर. तिथे खरं तर ०.२ च्या आत यायला हवं. आले १.२. उरलेले २.१ जाण्याच्या वाटेवर. त्यातले बॅटरीपासून रिलेच्या बाहेरच्या पिनेपर्यंत फक्त ०.३, ते चालण्यासारखं होतं. म्हणजे रिलेपासून टाकीपर्यंतच्या एका वायरीत १.८ व्होल्ट जात होते. (मीटरच्या सोबतच्या वायरी बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत पुरत नाहीत. चार-पाच मीटर साधी वायर आणि दोन क्लिपा घेऊन ठेवा, तीस-चाळीस रुपयांचं काम.)

आता दोन ठिकाणं शोधायची होती. ५ ऑगस्टला सकाळी आठला चाचांकडे पोहोचले. अर्थच्या वायरीतला दोष पाच मिनिटांत सापडला. मागच्या सीटखाली पत्र्याला स्क्रूने आवळलेलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), त्याच्याखाली गंजाचा पापुद्रा. डिकीच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपून सीटखाली साचत असणार, फोमखालचा पत्रा ओलसर होताच. त्यांनी थिंबल कापून टाकलं, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून आवळलं आणि वरून ग्रीस लावलं.

दुसरी जागा सापडेना. वायर दाराच्या पट्टीखाली पूर्ण उघडी केली, सगळी शाबूत. चाचांनी रिलेच्या बाजूने हाताने चाचपत यायला सुरुवात केली. स्टेअरिंगच्या खाली, पेडलच्या वर, हात आत घालून ते थांबले. “ताई, इथे चोर स्विच आहे. कुणी बसवला?”

मला माहीतच नव्हतं. आरशात पाहून वर बघितलं तर पॅनेलच्या मागे एक बोटभर काळा स्विच, आणि पंपाची वायर कापून त्याला जोडलेली. जोड नुसता हाताने पीळ घालून केलेला, वर काळी टेप. टेप वितळून चिकट झाली होती. ती सोलली तेव्हा आतलं तांबं हिरवट आणि मग कोळशासारखं काळं दिसलं. स्विचच्या एका बाजूचं प्लास्टिक फुगलं होतं. इंजिन चालू करून स्विचच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर मीटर ठेवला: १.६ व्होल्ट. चाचांनी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, इतका तो गरम होता.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, “स्विच? मी नाही बसवला काही.” मागून आईचा आवाज आला, “अहो, देशपांड्यांची गाडी चोरीला गेली होती ना गल्लीतून, तेव्हा नाही का बसवलात? किल्लीच्या आधी तो दाबायचा, मला दाखवला होतात.” मग बाबांना आठवलं. २००५ साल. महिनाभर वापरला, रोज विसरायला व्हायचं म्हणून चालू करून ठेवला तो ठेवलाच. अठरा वर्षं पंपाचा सगळा करंट त्या रेडिओला शोभेल एवढ्याशा स्विचमधून जात होता. फोनवर बाबा जरा वेळ गप्पच झाले. त्यांना वाटलं आपल्यामुळे झालं. मी सांगितलं की त्या काळात सगळेच बसवायचे, आणि ते खरंही आहे. तुम्ही जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे नक्की विचारा: चोर स्विच, रिमोट लॉक, गॅस किट, काही बसवून नंतर काढलं होतं का? वायरिंगच्या नकाशात यातलं काहीच सापडत नाही.

स्विच काढून टाकला, मधला खराब तुकडा कापला, त्याच जाडीची नवी वायर क्रिंप करून वर स्लीव्ह चढवली. सीटखालच्या कपलरमधल्या दोन पिनाही बदलल्या. चाचांनी दोन्ही दिवसांचे मिळून १,४०० रुपये घेतले. निघण्याआधी परत मोजलं. बॅटरीवर १३.९, पंपावर १३.४. झाकण उघडून ‘सूं’ ऐकलं, तो वेगळाच होता, ताठ आणि स्वच्छ.

एक सावधगिरी चाचांच्या तोंडची: गाडी चालूच होत नसेल तर रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा फ्यूज असलेल्या वायरीने जोडतात, म्हणजे पंप सतत चालतो आणि मोजता येतं. पण ते फक्त उभ्या गाडीत, तपासण्यापुरतं. तशी वायर लावून कुणी गाडी चालवू नये, कारण अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहतो. फ्यूजच्या जागी जाड फ्यूज घालणं, हाही तसाच जिवावरचा खेळ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एकटीच पहाटे पुण्याच्या दिशेने बोगद्यातून खाली उतरले, वळले आणि खंबाटकी चढले. ज्या वळणावर बाबांनी दगड लावला होता ते आलं तेव्हा हातांना घाम सुटला होता. गाडी दुसऱ्या गिअरवर एकसारखी चढली. वेळ्याला बाजूला थांबून, इंजिन चालू ठेवून, सीट उचलून पंपावर मीटर लावला. १३.४.

मग आरटीओ. ऑनलाइन अर्ज आणि शुल्क ७ ऑगस्टला भरलं, ११ तारखेची तपासणी मिळाली. नमुना २५, मूळ आरसी, विमा, पीयूसी, हरित कराची पावती आणि चॅसिस नंबरची पेन्सिलने उमटवलेली छाप, एवढे कागद लागले. छाप घरीच घ्या: नंबरावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची, आधी नंबरावरची माती ब्रशने काढायची. निरीक्षकांनी चॅसिस नंबर जुळवला, दिवे, वायपर, हॉर्न, ब्रेक बघितले. रांगेत तीन तास गेले, तपासणी दहा मिनिटांत झाली. रांगेत इंजिन चालू-बंद, चालू-बंद करावं लागत होतं आणि दर वेळी ते पहिल्या सेल्फला लागलं. कार्ड १९ सप्टेंबरला टपालाने आलं, मुदत ऑगस्ट २०२८.

आरटीओचा खर्च सोडून एकूण ११,२७० रुपये गेले. खऱ्या दोषाला लागले ते चाचांचे १,४०० आणि मीटरचे ४५०.

पंपाच्या वायरिंगची वाट मी एका कार्डशीटवर काढली आहे, प्रत्येक टप्प्यावर आत्ताचं व्होल्टेज लिहून. ते ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवायचं होतं. चिकटवण्याआधी बाबांनी ते मागून घेतलं, पेन शोधलं, आणि स्टेअरिंगखालच्या जागेवर बाण काढून आपल्या अक्षरात लिहिलं: ‘चोर स्विच. बसवला २००५, काढला ५-८-२०२३.’